धूळपाटीपासून संगणकापर्यंत



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा तिचा श्रोता बहुतांशी शिकलासवरलेला होता. आज तसाच ज्ञानोत्सव बिबवेवाडीत भरतो आणि समोर मार्केट यार्डात पोती वाहणारे, रिक्षा चालवणारे, घरोघर धुणीभांडी करणाऱ्या भगिनी बसतात, ही गोष्ट लहान नव्हे. अशा सभेपुढे आम्ही जो विषय मांडणार आहोत तो म्हणजे प्राथमिक शाळेतील मुलाला लिहायला-वाचायला शिकवण्याच्या कामी संगणकाचा उपयोग. हा विषय एखाद्या अभियंत्याने मांडावा असे कोणास वाटेल. येथून चढ चढून वर गेले की अपर इंदिरानगरात १९८३ साली स्थापन झालेली विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. तेथील मंडळी यंत्राच्या पोटातले आमच्यापेक्षा शतपटीने अधिक जाणतात. परंतु यंत्र कोणासाठी आले, कोणाच्या हाती गेले आणि त्यापायी कोणाचा भार हलका झाला नि कोणाचा वाढला, हे पाहण्याची सवय कामगार चळवळीने आम्हांस लावली आहे. त्याच नजरेने आम्ही हा इतिहास पाहणार आहोत.

आरंभीच एक भेद स्पष्ट करावयास हवा. लिहिणे-वाचणे असा जोडशब्द आपण वापरतो, पण त्या दोन निराळ्या शक्ती आहेत. आमच्या संघटनेच्या कामात आम्ही पगारपत्रकावर अंगठा उठवणारे पाहिले, नुसती सही शिकलेले पाहिले, आणि दरवाज्यावर लावलेला फलक अडखळत का होईना वाचणारेही पाहिले. पण जादा कामाचा पगार मिळाला नाही, हजेरी चुकीची लागली, तर तसा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिणारे थोडे. ज्याला वाचता येते त्याला हुकूम कळतो; ज्याला लिहिता येते त्याला त्या हुकमाला उत्तर देता येते. म्हणून शाळेत नवे साधन आले की आम्ही दोन प्रश्न विचारतो. मूल त्या साधनाने स्वतः लिहिते, की नुसते पाहत बसते? आणि ते लिहीत असता त्याच्याजवळ शिक्षक असतो की नाही?

आपल्याकडील सर्वांत स्वस्त साधन म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची, पंतोजीने तीवर अक्षर काढून द्यायचे, मुलाने ते काडीने गिरवायचे, तोंडाने मोठ्याने म्हणायचे, आणि हात फिरवून पुसून पुन्हा काढायचे. येथे लिहिणे आधी आणि वाचणे मागाहून होते. पुस्तक नव्हते, तेव्हा अक्षर हातातून डोक्यात जाई. चूक झाली तर ती पुसायला हाताचा एक फटकारा पुरे. साधन म्हणून धूळपाटीत खोट काढायला जागा नाही. मग तिने सारा गाव साक्षर का झाला नाही? कारण धूळ फुकट असली तरी पंतोजीच्या ओसरीची पायरी सर्वांना मोकळी नव्हती. मुलींना ती बंद होती, अस्पृश्य मानलेल्या जातींना बंद होती, आणि कुणब्याच्या पोराला बहुधा गुरांमागे जावे लागे. साधनाच्या किमतीवर साक्षरता ठरत नाही, ती दरवाजा कोणासाठी उघडतो यावर ठरते, हा या इतिहासाचा पहिला धडा.

दुसरा धडा याच धुळीने इंग्लंडला जाऊन दिला. मद्रासेत लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख असलेल्या अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने १७८९ च्या सुमारास देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली. त्याने तीच रीत आपल्या आश्रमात चालवली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतले. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये आपला अनुभव छापला. जोसेफ लँकेस्टर याने तशीच पद्धत स्वतंत्रपणे चालवली होती. इंग्लंडच्या कारखानदारी शहरांत ही पद्धत वणव्यासारखी पसरली. ती मुलांच्या हाताला वळण देते म्हणून तिचे कौतुक झालेच. पण खरी ओढ वेगळी होती. एका मास्तरात शेकडो मुले शिकवता येतात, म्हणजे पगार वाचतो! पुढे हीच पद्धत विलायतेचा शिक्का घेऊन मुंबईस परत आली आणि एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईच्या शिक्षणसंस्थेने आपल्या शाळांतून ती चालवली. धुळीतले अक्षर मागे पडले आणि शिक्षकाची बचत ही कल्पना मात्र टिकली. गेल्या दोनशे वर्षांत शाळेत जे जे नवे साधन आले, त्याच्या मागोमाग ही कल्पना सावलीसारखी आली आहे.

या दोन्ही धड्यांचे मर्म आपल्या पुण्यात एका माणसाने ओळखले. जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढून ओसरीचा बंद दरवाजा उघडला. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी स्वतःच्या घरी रात्रीची शाळा चालवली. सावित्रीबाईंनी तीत शिकवले. आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, शेतीचे ज्ञान यांची मागणी केलीच. शिवाय प्राथमिक शिक्षक शिकवून तयार केलेला असावा आणि त्याला निदान बारा रुपये पगार असावा, असे आकड्यानिशी सांगितले. पाटीबरोबर मास्तराच्या पगाराचा विचार करणारा शिक्षणतज्ज्ञ आमच्या मते तेव्हा विरळाच. पुढे १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्ती करण्याचा अधिकार मिळाला. आणि शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२ च्या घटनादुरुस्तीने मान्य होऊन १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. पायरी सर्वांना मोकळी व्हायला एवढा काळ लागला. या साऱ्या काळात पोराच्या हातात दगडी पाटी होती. ती फुटे, पण बिघडत नसे.

आता यंत्राकडे वळू. यंत्र आणि देवनागरी यांची पहिली गाठ छापखान्यात पडली, दुसरी टंकलेखन यंत्रावर. टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्या आणि आपली जोडाक्षरे अगणित. त्यातून एक मौज झाली. ‘कि’ हे अक्षर आपण ‘क’ नंतर ‘इ’ असे उच्चारतो, पण कागदावर वेलांटी आधी येते, म्हणून टंकलेखकाला वेलांटी आधी बडवावी लागे. म्हणजे तोंड एक क्रम सांगते आणि बोट दुसरा! यंत्राला सोयीचे व्हावे म्हणून लिपीच बदलावी असा विचार प्रबळ झाला. १९५३ मध्ये लखनौ येथील परिषदेने ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे लिहावी असे ठरवले, आणि १९५७ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. यंत्रासाठी मुलांची लिपी बदलू पाहणारा हा खटाटोप टिकला नाही, हे बरेच झाले.

संगणकाने ही गाठ उलट्या बाजूने सोडवली. कानपूरच्या आयआयटीत देवनागरीसाठी जे काम झाले ते १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत पुढे वाढले. १९८६ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाचा कळफलक प्रमाण ठरला आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक आले. हा कळफलक कष्टकऱ्यांच्या मुलांच्या दृष्टीने फार मोलाचा असल्यामुळे आम्ही त्याच्यापाशी थोडे थांबतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर. वरचे अक्षर हवे असल्यास दुसरी कळ दाबून ठेवायची. क च्या वरच्या ओळीत ग, त च्या वर द, च च्या वर ज, ट च्या वर ड, प च्या वर ब. म्हणजे आपल्या पूर्वजांनी उच्चारस्थाने पाहून वर्णमाला लावली, तीच मांडणी बोटांखाली आली. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आपोआप आपल्या जागी जाऊन बसते. ‘स्त’ लिहायचे तर स, मग हलन्त, मग त. जोडाक्षर म्हणजे चित्रविचित्र आकृती नसून दोन व्यंजनांमधला स्वर गळून ती जुळली आहेत, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला बोटाने कळते. ज्या घरात पुस्तक नाही, ज्या मुलाला घरी जोडाक्षर समजावणारे कोणी नाही, त्याला हा कळफलक म्हणजे बोलकी वर्णमालाच आहे.

पण प्रत्यक्षात झाले काय? आज मोबाइलवर मराठी लिहिणारे बहुसंख्य लोक रोमन अक्षरे टिपून त्यांची मराठी करून घेतात. इंग्रजी येणाऱ्याला ते सोपे आहे. परंतु पहिलीतल्या मुलाला ‘आई’ लिहिण्यासाठी आधी इंग्रजी अक्षरे यावी लागली, तर त्याची आईची भाषा दुसऱ्याच्या उंबरठ्यावर ताटकळत बसली म्हणावयाची. आणि आता तर यंत्रापुढे बोलले की ते लिहून देते. म्हाताऱ्या माणसाला ही सोय उत्तम. शिकणाऱ्या मुलाला मात्र ती लिहिणे चुकवण्याची वाट आहे.

शाळांत संगणक आला तोही भलत्याच दाराने. १९८४ मध्ये केंद्र सरकारने निवडक माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो या ब्रिटिश बनावटीच्या संगणकांची योजना सुरू केली. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्रात एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले. आमच्या कामगारांच्या कित्येक मुलामुलींना त्या प्रमाणपत्राने नोकरीचा दरवाजा उघडून दिला, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. पण या साऱ्यातून ‘संगणक साक्षरता’ असा शब्द रूढ झाला आणि त्याचा अर्थ संगणक चालवता येणे असा ठरला. संगणकाने साक्षर होणे ही निराळीच गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

लक्ष गेले त्यांत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे फकीरचंद कोहली होते. २००० साली त्यांच्या पुढाकाराने, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात, निरक्षर प्रौढांना जुन्या संगणकांवर तेलुगू वाचायला शिकवण्याचा प्रयोग झाला. मागाहून तो मराठीसह इतर भाषांतही गेला. सुमारे ४० तासांत ५०० शब्दांची ओळख व्हावी आणि वर्तमानपत्र वाचता यावे, असे त्याचे गणित होते. प्रशिक्षित शिक्षक फार नकोत, कारण पडदाच शिकवतो. आठ-दहा आठवड्यांत दिवसभर राबलेल्या बायका पाटीवरचे नाव वाचू लागल्या, याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु त्या योजनेचा भर वाचनावर होता, लेखनावर नव्हता. हुकूम कळला, उत्तर द्यायचे राहिले.

लहान मुलांना संगणकावर आधी लिहायला शिकवण्याचे खरे प्रयोग परदेशांत झाले. अमेरिकेत जॉन हेन्री मार्टिन या निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याने आयबीएम कंपनीच्या साहाय्याने १९८२ ते १९८४ या काळात ‘लिहिता लिहिता वाचन’ या धर्तीचा मोठा प्रयोग केला. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी कानाला येईल तसे शब्द लिहायचे, शुद्धलेखन मागाहून. परीक्षणात असे दिसले की ही मुले इतरांपेक्षा चांगले लिहू लागली. वाचनातला फायदा मात्र पुढील समीक्षकांनी अल्प ठरवला. नॉर्वेत आर्ने त्रागेटॉन या अध्यापकाने १९९९ ते २००२ दरम्यान नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड आणि एस्टोनियातील वर्गांत असाच प्रयोग चालवला. यंत्रे बहुधा कचेऱ्यांतून टाकून दिलेली जुनी. एका यंत्रापुढे दोन मुले. दोघांनी बोलत, भांडत, एकमेकांची चूक काढत गोष्ट लिहायची, ती छापायची, चित्रे काढायची आणि वर्गाचे पुस्तक करायचे. हाताने वळणदार लिहिणे त्याने तिसरीपर्यंत लांबवले. आम्हांस या प्रयोगाचे अप्रूप वाटते ते दोन कारणांनी. एक म्हणजे आधी लिहिणे, मग वाचणे, ही आमच्या धूळपाटीचीच रीत. आणि दुसरे, इंग्रजीत कानाला येईल तसे लिहिले की चुकते. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ सोडले तर बहुधा बरोबर येते. जो प्रयोग मराठीत अधिक फळला असता तो मराठीत मोठ्या प्रमाणावर झालाच नाही.

महाराष्ट्रात एक धागा जुळू पाहत होता, तोही येथे सांगितला पाहिजे. जानेवारी २००५ मध्ये निकोलस निग्रोपाँटे यांनी प्रत्येक मुलास शंभर डॉलरचा संगणक देण्याची घोषणा केली. तिच्या मुळाशी सेमूर पॅपर्ट यांचा विचार होता, की यंत्राने मुलाला शिकवण्याऐवजी मुलाने यंत्राला शिकवावे. २००६ मध्ये भारत सरकारच्या शिक्षण खात्याने ही योजना नाकारली. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे, असा त्याचा रोख होता. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावी या हिरव्या-पांढऱ्या लहान संगणकांचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. शाळा एका खोलीची, शिक्षक एकच, पहिली ते चौथी एकत्र, मुले वीस-बावीस. महाराष्ट्रातील शेकडो वाड्या-पाड्यांवरच्या शाळांचे हेच चित्र आहे. एक शिक्षक चौथीला भागाकार शिकवतो तेव्हा पहिलीने काय करावे, हा त्याचा रोजचा प्रश्न. अशा ठिकाणी मुलाच्या हातात लिहिता येईल असे यंत्र असणे म्हणजे शिक्षकाला दुसरा हात मिळणे. पण शिक्षक एकाऐवजी दोन असते तर, हा प्रश्नही तेथेच उभा राहतो. शंभर डॉलरची किंमतही शंभरावर राहिली नाही, ती दोनशेच्या घरात गेली. पेरू देशाने असे लाखो संगणक गावोगाव वाटले, आणि २०१२ मध्ये तेथील शाळांची जी पाहणी प्रसिद्ध झाली तीत भाषेत वा गणितात मुलांची प्रगती वाढल्याचे आढळले नाही. यंत्र मुलाच्या हाती गेले होते, पण शिक्षकाची तयारी आणि त्याचा वेळ यांची तरतूद मागे राहिली होती. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

यानंतर महाराष्ट्रात डिजिटल शाळांची लाट आली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याची शाळा एका जिल्हा परिषद शिक्षकाच्या धडपडीने गाजली. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर गावोगावच्या शिक्षकांनी लोकवर्गणी जमवून, कित्येकांनी पदरमोड करून, शाळेत पडदे आणि संच बसवले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना काढली, ती राज्याने उचलली, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. एका प्राथमिक शिक्षकाचे हे औदार्य पाहून कामगार चळवळीतल्या माणसाचा ऊर भरून येतो. आपल्या शेजारी शिवदर्शन भागात पुणे महापालिकेनेही ई-लर्निंगची शाळा उभारली. हे सारे स्तुत्यच. पण आमचा पहिला प्रश्न येथेही विचारला पाहिजे. पडदा भिंतीवर, बटण शिक्षकाच्या हाती, आणि चाळीस मुले मान वर करून पाहतात. कविता ऐकू येते, चित्र हलते. मूल हसते, टाळ्या वाजवते, पण लिहीत नाही. वीजबिल थकले की तेही थांबते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि या साऱ्याची कसोटी लागली. ज्या घरात एकच मोबाइल आणि तो बापाबरोबर कामावर जाणारा, त्या घरातील पोराची शाळा संध्याकाळी बाप परतल्यावर भरे. रिचार्ज संपला की तीही सुटे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीची किती मुले दुसरीचा उतारा वाचू शकतात हे मोजले जाते. २०१८ मध्ये ती शेकडा सुमारे २७ होती. २०२२ मध्ये सुमारे २० वर घसरली. २०२४ मध्ये पुन्हा २७ च्या आसपास आली. शाळा उघडल्या, शिक्षक समोर उभा राहिला, तेव्हा मुले सावरली. आणि सावरूनही शंभरांतील सत्तरांवर मुले मागेच आहेत, हे विसरू नये. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला लिहिता-वाचता यावे असे ध्येय ठेवले, त्याची निकड या आकड्यांवरून ध्यानी यावी.

यंत्राच्या अतिरेकाला पश्चिमेतही आता लगाम बसत आहे. स्वीडनमध्ये २०२३ साली सरकारने लहान वर्गांत छापील पुस्तक आणि हस्तलेखन यांकडे पुन्हा वळण्याचे धोरण जाहीर केले. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असे दाखवले, की वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी अक्षर आपल्या हाताने काढले, तर नंतर ते अक्षर पाहताना मेंदूतील वाचनाचे भाग जागे होतात. कळ दाबून वा छापील रेषेवरून गिरवून तसे होत नाही. म्हणजे पंतोजीने काढलेले पुसून मूल जेव्हा स्वतः अक्षर काढी, तेव्हाच खरे शिक्षण होई. यावरून कोणी ‘संगणक फेका’ असा निष्कर्ष काढेल, तर तो आम्हांस मान्य नाही. अक्षर हाताने शिकावे, आणि अक्षरांची वाक्ये, वाक्यांची गोष्ट होऊ लागली की यंत्र हाती द्यावे. खोडाखोड न करता वाक्य बदलता येणे, आपले लिहिलेले छापील अक्षरांत पाहणे, याचा आनंद ज्या मुलाच्या घरात छापील कागद फक्त विजेच्या बिलाचा येतो त्याला फार मोठा असतो.

आता कामगार संघटनेच्या अनुभवातून एक गोष्ट सांगतो. संगणक आला तेव्हा विमा आणि बँकांतील कर्मचाऱ्यांनी त्याला विरोध केला, म्हणून त्यांना प्रगतीचे शत्रू म्हटले गेले. पण १९८३ मध्ये बँकांतील संघटनांनी व्यवस्थापनाशी करार केला, तो यंत्र नकोच असा नव्हता. यंत्र किती, कोठे, आणि त्यापायी कोणाची नोकरी जाणार नाही, अशा अटींचा होता. युनेस्कोने २०२३ च्या आपल्या शिक्षण अहवालात शाळेतील तंत्रज्ञानाबाबत, हे हत्यार कोणाच्या अटींवर, असाच प्रश्न विचारला आहे. आमच्या प्राथमिक शिक्षकाला मात्र अटी घालायला कोणी बोलावले नाही. ज्या २००० साली संगणकाच्या योजनांचा गाजावाजा सुरू होता, त्याच साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपये मानधनावर राबावे लागले. ते मानधन सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडले. बेलच्या काळी जी बचत वाळूच्या आडून झाली, ती आमच्या काळी पडद्याच्या आडून होऊ नये.

म्हणून आमचे मागणे चार शब्दांत सांगतो. पहिलीच्या मुलाच्या हाती आधी पाटी-पेन्सिल असावी. पुढे संगणक द्यायचा तर नुसता पडदा नको, कळफलक हवा, तोही देवनागरीचा. दोन मुलांत एक यंत्र पुरे, पण ते वर्गात हवे, कुलूपबंद खोलीत नको. यंत्राच्या खरेदीबरोबर विजेची, दुरुस्तीची आणि शिक्षकाच्या तयारीची रक्कम त्याच अंदाजपत्रकात लिहिलेली असावी. आणि यंत्र आले म्हणून शिक्षकाची एकही जागा रिकामी राहता कामा नये.

बिबवेवाडीतील पालकांना आमची एवढीच विनंती आहे. शाळेच्या बैठकीला जाल तेव्हा शाळेत संगणक किती आहेत, एवढेच विचारून परत येऊ नका. आमच्या मुलाने या आठवड्यात स्वतःच्या मनाने काय लिहिले ते दाखवा, असे विचारा. त्याने चार ओळी लिहिल्या असतील, तर त्या धुळीत लिहिल्या की पडद्यावर, हा प्रश्न गौण आहे.